स्वतःचं हाड मोडणारी

उन्हं जरा वर आली की माणगावच्या परसातल्या पालापाचोळ्यात खसकन आवाज होतो आणि तपकिरी, चकचकीत असं काहीतरी गडग्याच्या फटीत शिरतं. पाय नजरेला पडायच्या आत ते गडप होतं, म्हणून निम्मे लोक ‘साप, साप’ करतात. नीट पाहणारे म्हणतात, सापसुरळी. तिला विषारी ठरवून काठी उगारणारेही भेटतात. पण आपल्याकडच्या एकाही सापसुरळीला विष नाही.

बांधावर, परसात नेहमी दिसते ती बहुधा युट्रोपिस कॅरिनाटा. १८०१ साली श्नायडर यांनी तिची शास्त्रात नोंद केली. तिचे खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात आणि त्यांच्याखाली, कातडीतच, हाडाच्या बारीक चकत्या असतात. एवढंसं जनावर, पण अंगभर हाड! चिमटीत धरू गेलात तर सुळकन निसटते.

लोक तिला सापाची मावशी म्हणतात. डीएनएवरून जुळवलेली वंशावळ मात्र वेगळंच सांगते. साप हे घोरपड आणि सरडा यांच्या जवळचे. सापसुरळी त्या फांदीवर नाहीच. मावशीचा मान द्यायचाच तर घोरपडीला द्यावा. पाय गेले म्हणून कुणी साप होत नाही, हेही सापसुरळ्यांनीच दाखवलंय. चिल्का सरोवरातल्या बरकुडा बेटावरच्या ज्या सापसुरळीचं नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१७ साली वर्णन केलं, तिला पायच नाहीत.

पण खरी करामत शेपटीत आहे. शेपटी शत्रू तोडत नाही, ती स्वतःच तोडते, आणि तीही दोन मणक्यांमधल्या सांध्यात नाही, तर मणक्याच्या ऐन मध्यावर. त्या हाडात जन्मापासूनच एक कच्ची रेघ असते. स्नायू कचकन आवळले की हाड तिथेच मोडतं, रक्तवाहिन्यांची तोंडं लगेच मिटतात, रक्त जेमतेम थेंबभर येतं. तुटलेला तुकडा मेंदूशिवाय, त्यात उरलेल्या मज्जारज्जूच्या जोरावर वळवळत राहतो. शिकारी त्यात गुंततो, मालकीण पसार होते.

सौदा स्वस्तातला नाही. शेपटीत चरबीचा साठा असतो, म्हणजे अडीअडचणीची शिदोरीच गेली. अमेरिकेतली एक चिमुकली सापसुरळी तर धोका टळल्यावर परत येऊन स्वतःचीच शेपटी खाताना आढळली आहे. मला यात किळस वाटत नाही. हिशेब चोख वाटतो.

नवी शेपटी काही आठवड्यांत फुटते, पण तिच्यात मणके नसतात, नुसती कूर्चेची नळी असते. कच्ची रेघ हाडातच असल्यामुळे हा नवा भाग पुन्हा तोडता येत नाही. पुढच्या वेळी तुकडा धडाच्या आणखी जवळून द्यावा लागतो. बांधावर ऊन खात बसलेल्या सापसुरळीची शेपटी न्याहाळलीत, तर हा जोड ओळखू येतो. जिथे रंग आणि खवल्यांची ठेवण अचानक बदलते, तिथवर कुणीतरी पोचलं होतं: भारद्वाज, मुंगूस, कवड्या साप, नाहीतर घरचंच मांजर.