लोहाऱ्याचा दगड, वरोऱ्याचा कोळसा

जमशेदजी टाटांच्या पोलादाच्या ध्यासाची सुरुवात जमशेदपुरात झाली नाही, ती आपल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात झाली. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या परदेशी तज्ज्ञाने या जिल्ह्यात लोखंड गाळण्याच्या शक्यतेवर एक अहवाल लिहिला, आणि तो जमशेदजींच्या हाती आला. लोहारा गावाजवळ उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण चालू आहे, हे वाचून त्यांचे कुतूहल चाळवले असल्यास नवल नाही. १८७७ पासून नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल चालत होती, म्हणजे हा मुलूख त्यांना परका नव्हता. पण वरोऱ्याच्या कोळशाच्या चाचण्या निराशाजनक निघाल्या, खाणपट्ट्यांच्या सरकारी अटीही जाचक होत्या, आणि बेत बारगळला. पुढे कारखाना झाला तो साकचीला, आजच्या जमशेदपुरात. चांद्याचा उल्लेख टाटांच्या चरित्रांत एखाद्या परिच्छेदात उरकला जातो, जणू ती एक चुकलेली वाट होती. मला मात्र हा नकारच या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोधक भाग वाटतो. धातुक म्हणजे काय, याचे उत्तर दगडात दडलेले नसते. ते भट्टीवर ठरते, आणि भट्टी बदलली की उत्तरही बदलते.

चाचणीत नेमके काय नापास झाले, हे आधी पाहायला हवे. झोतभट्टीत कोळशाला तीन कामे करावी लागतात: उष्णता द्यायची, खनिजातला प्राणवायू काढून घ्यायचा आणि वरचा सगळा डोलारा पेलायचा. पहिली दोन कामे कुठलाही बरा कोळसा करतो. अडते ते तिसऱ्यापाशी. उंच भट्टीत खनिज, चुनखडी आणि इंधन यांचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि खालून सोडलेला गरम हवेचा झोत त्यांच्या फटींतून वर चढायचा असतो. इंधन त्या भाराखाली चुरले तर फटी बुजतात आणि भट्टी गुदमरते. म्हणून हवा असतो कोक, आणि कोक प्रत्येक कोळशाचा होत नाही. हवाबंद कोठीत तापवल्यावर काही कोळसे साधारण चारशे ते पाचशे अंश सेल्सियसला मऊ पडतात, फुगतात, त्यांचे कण एकमेकांना चिकटतात आणि पुढे कडक, सच्छिद्र ढेकूळ बनते. पूर्वेकडच्या झरियाचा कोळसा हे करतो. वर्धा खोऱ्याचा कोळसाही त्याच गोंडवन कुळातला, पण कमी पक्व आणि जास्त दमट. तो तापवला की मऊ पडत नाही, चिकटत नाही, नुसताच भुगा राहतो. तो उत्तम जळतो, आगगाडीचे इंजिन ओढतो, पण कोक देत नाही. चाचणी खोटी नव्हती. तिला विचारलेला प्रश्न एकच होता आणि त्याचे उत्तर तिने बरोबर दिले.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे: कोळसा वगैरे निमित्त, खरा अडसर परकीय सरकार. यात तथ्य आहेच; १८८०च्या दशकातल्या अटी कोणा उद्योजकाने भांडवल ओतावे अशा नव्हत्या. पण इतिहासाने या आक्षेपाची परीक्षा आपणहून घेऊन ठेवली आहे. १८९९ च्या सुमारास व्हाइसरॉय कर्झनच्या काळात खाणींचे नियम सैल झाले, त्याच वर्षी मेजर मॅहनचा अहवाल हिंदुस्थानात पोलाद काढणे शक्य आहे असे सांगत आला, आणि जमशेदजींनी जुना बेत पुन्हा बाहेर काढला. १९०२ साली ते अमेरिकेला गेले. तिथल्या चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याने सी. एम. वेल्ड या भूवैज्ञानिकाला हिंदुस्थानात पाठवले. जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी टाटा आणि वेल्ड यांची पायपीट पुन्हा चांद्याच्याच रानात सुरू झाली. यावेळी सरकार आडवे नव्हते. तरीही निकाल तोच लागला: मोठ्या कारखान्याचा भरवसा ठेवावा इतके खनिज वेल्डला दिसले नाही, आणि कोकाचा प्रश्न होता तिथेच होता. अटी बदलूनही निकाल बदलत नसेल, तर अडसर केवळ अटींचा नव्हता असेच म्हणावे लागते.

पुढचा प्रसंग कादंबरीत घातला तर ओढूनताणून आणलेला वाटेल. शोध सोडून देत असल्याचे कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचे ते जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूवैज्ञानिक नकाशा होता, आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण गडद रंगात भरलेली होती. ती दल्ली-राजहराची टेकडी. तिची नोंद प्रमथनाथ बोस यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोकरीत असताना करून ठेवली होती. खनिज अव्वल निघाले, लोखंडाचे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर. तरीही कारखाना तिथे झाला नाही, कारण कोक होणारा कोळसा फार दूर होता. त्या काळी एक टन लोखंडामागे टनाहून जास्त कोक लागे. तो मध्य प्रांतापर्यंत वाहून आणायचा तर हिशेब बसत नव्हता. दरम्यान बोस सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मयूरभंज संस्थानात गेले होते. २४ फेब्रुवारी १९०४ च्या पत्राने त्यांनी टाटांना गुरुमहिसानी डोंगराची खबर दिली. तिथे चांगले खनिज होते आणि झरियाही आवाक्यात होते. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेदजी वारले. साकचीच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडले ते १९१२ साली.

दल्ली-राजहरावरचा नकारही कायमचा नव्हता. अर्ध्या शतकाने त्याच डोंगराच्या जिवावर भिलाईचा कारखाना उभा राहिला, आणि कोकचा कोळसा पूर्वेकडून रेल्वेने आला. डोंगर तोच, अंतरही तेच. बदलले होते ते रेल्वेचे जाळे, आणि नफ्याचा हिशेब नव्या पद्धतीने मांडणारे सरकार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोक नव्हता तर लोणारी कोळसा होता की! चांद्याचे जंगल अफाट, आणि मातीच्या छोट्या भट्ट्यांत भात्याने वारा घालून लोखंड गाळणाऱ्यांची परंपराही मध्य भारतात जुनी. म्हैसूर संस्थानाने हे करूनही दाखवले: विश्वेश्वरय्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या भद्रावतीच्या कारखान्यात १९२३ पासून लाकडाच्या कोळशावर लोखंड निघू लागले. त्या कोळशात गंधक नगण्य, म्हणून लोखंडही सुरेख. पण भद्रावतीचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलते. लाकडी कोळसा ठिसूळ असतो, त्यामुळे त्यावरची भट्टी कोकच्या भट्टीएवढी उंच करता येत नाही. ती ठेंगणी राहते, आणि उत्पादनही तेवढ्यापुरतेच. शिवाय लाकूड वर्षागणिक दुरून आणावे लागते. पुढे भद्रावतीने विजेच्या भट्ट्यांची कास धरली, यातच सगळे आले. आगगाडीचे रूळ पुरवू पाहणाऱ्या कारखान्याचे त्यावर भागले नसते. आणि भागवलेच असते तर चांद्याचे जंगल उरले असते का, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारत नसे.

आता वरोऱ्याच्या कोळशाकडे परत येऊ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंड न वितळवता मिळवण्याची रीत रुजली. खनिजाचे तुकडे आणि कोळसा एका लांब, किंचित तिरप्या, सावकाश फिरणाऱ्या नळकांडी भट्टीत घालायचे आणि हजार अंशांच्या आसपास ठेवायचे. प्राणवायू निघून जातो, दगडाचा आकार तसाच राहतो, आत भोके भोके पडतात. म्हणून नाव स्पंज आयर्न. नंतर ते विजेच्या भट्टीत वितळवून पोलाद करायचे. या रीतीचा देशातला पहिला कारखाना १९८०च्या सुमारास पाल्वंचाला, म्हणजे आजच्या तेलंगणात, सिंगरेणीच्या कोळशावर सुरू झाला. सिंगरेणीचे क्षेत्र गोदावरी खोऱ्यातले. वर्धा खोऱ्यातले कोळशाचे थर दक्षिणेला जिथे पोहोचतात, तोच हा पट्टा.

फिरत्या भट्टीत कोळशाला भार पेलायचा नसतो, म्हणून कोक लागत नाही, एवढेच सांगून थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. इथे चिकटणारा कोळसा चालतच नाही! तो मऊ पडून भट्टीच्या भिंतीला थापला जातो, आतून कडी धरते, वाट अरुंद होते आणि भट्टी बंद करून ती कडी फोडावी लागते. इथे हवा असतो न चिकटणारा, वायूशी चटकन रासायनिक क्रिया करणारा कोळसा, आणि कमी पक्व कोळसे नेमके तसे असतात. ज्या गुणासाठी वरोरा नापास झाला, तोच या परीक्षेतला उत्तीर्णतेचा दाखला. आज स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, आणि त्यातले बहुतांश कोळशावर निघते. चंद्रपूर-घुग्घूस भागातही असे कारखाने आले. तिथल्या काळ्या धुळीबद्दल रहिवासी जे बोलतात तेही खरेच आहे. ही रीत स्वच्छ म्हणून निवडली गेली नव्हती, हाताशी असलेल्या कोळशावर चालते म्हणून निवडली गेली.

खनिजाच्या बाजूनेही हेच घडले. वेल्डला न दिसलेले मोठे साठे त्याच जुन्या चांदा जिल्ह्यात होते. एटापल्ली तालुक्यातले सुरजागडचे डोंगर आज गडचिरोलीत मोडतात. श्वार्ट्झच्या अहवालानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ साली, हा जिल्हा वेगळा झाला. वाट नसलेल्या रानातला डोंगर कारखान्याच्या हिशेबात धरता येत नाही. आज तिथे खाण आहे, आणि तिला ग्रामसभांचा विरोधही झाला आहे. कशाला धातुक म्हणायचे हे एकट्या धातुशास्त्रज्ञाने ठरवायचे नसते, ही या वादाची दुसरी बाजू आहे.

ही व्याख्या कागदावर कशी बदलते, ते पाहायला नागपूरच पुरे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय तिथे आहे. किती टक्के लोखंड असले म्हणजे दगड टाकून देता येणार नाही, ती मर्यादा हीच संस्था ठरवते. हेमॅटाइट या लोहखनिजासाठी ती ५५ टक्के होती, २००९ मध्ये ४५ वर आली. डोंगरात काहीच हलले नाही, तरी देशाचे खनिज वाढले. गोव्याने हे त्याआधीच अनुभवले होते. खाणींच्या कडेला वर्षानुवर्षे साचलेले हलक्या मालाचे ढीग कोणी विचारत नव्हते. चीनच्या कारखान्यांनी कमी टक्क्यांचा माल उचलायला सुरुवात केल्यावर ते ढीगच उपसले जाऊ लागले, आणि २०१२ साली खाणी थांबल्यावर त्या ढिगांच्या मालकीवरून वाद उभे राहिले.

कोणी म्हणेल, मग काय, सगळेच सापेक्ष? तसे नाही. कोक होत नाही ते होत नाही. माझे म्हणणे एवढेच, की चाचणीचा निकाल आणि चाचणीचा प्रश्न यांची ताटातूट होऊ नये. ‘कोळसा निकृष्ट’ ही नोंद दप्तरात शंभर वर्षे टिकते; ‘झोतभट्टीसाठी’ हा शब्द मात्र वाटेत गळून पडतो. हा धोका आजही आहे, कारण कसोटी पुन्हा बदलते आहे. स्वीडनमध्ये २०२१ साली कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून स्पंज आयर्न काढून दाखवले गेले. ही रीत रुळली तर फार शुद्ध खनिज लागेल, कारण न वितळलेल्या लोखंडातली माती तशीच पुढे विजेच्या भट्टीत जाते. मग पट्टेदार, गारगोटीमिश्रित हलके खनिज पिठासारखे दळून, माती वेगळी काढून, गोळ्या वळून वापरावे लागेल. आज दगड म्हणून बाजूला पडणाऱ्या त्या खनिजावरचे संशोधन तेव्हा मोलाचे ठरेल. आणि वर्धा खोऱ्याचा कोळसा, एकदा नापास होऊन पुढे पास झालेला, त्या भट्टीच्या दारातच थांबेल.