मुतखड्याचे ऑपरेशन आणि पाण्याचा हिशेब

जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहणारा कामगार असो, की अंबड-मंठ्याकडे उन्हात खुरपणी करणारी बाई असो, घाम फार जातो आणि पोटात पाणी कमी पडते. लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार साचतात आणि मुतखडा धरतो. खडा २ सेंटिमीटरहून मोठा असेल, तर डॉक्टर बहुधा पाठीला लहान छिद्र पाडून, दुर्बिणीने तो फोडून काढतात.

या ऑपरेशनला पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या लागतात. रक्त आणि खड्याचा चुरा धुऊन जावा, आतले स्पष्ट दिसावे, म्हणून पाणी सतत सोडावे लागते. बरेचसे पाणी बाहेर येते. पण थोडे मूत्रपिंडातल्या उघड्या पडलेल्या शिरांतून रक्तात शिरते.

वरणात पाणी वाढवले की ते अळणी होते. रक्ताचेही तसेच आहे. तपासणीच्या कागदावर सोडियमचा आकडा साधारण १३५ ते १४५ हवा. साधे निर्जंतुक पाणी जास्त शिरले तर हा आकडा उतरतो. रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटूही शकतात. म्हणून १ लिटरला ९ ग्रॅम मीठ असलेले सलाईन वापरणे सुरक्षित ठरते. मात्र तेही फार शिरले, तर हृदयावर आणि फुप्फुसांवर भार येतो. म्हणून कचेरीत आवक-जावक नोंदवतात, तशी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याची नोंद महत्त्वाची असते. खडा फार मोठा असेल तर डॉक्टर तो दोन खेपांतही काढतात.

आपण काय करावे? रुग्णाला हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, कोणत्या गोळ्या चालू असतील, ते ऑपरेशनआधीच सांगावे. कोणते पाणी वापरणार, हे विचारण्यात कमीपणा नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी.

ऑपरेशननंतर रुग्ण असंबद्ध बडबडू लागला, गुंगीत राहिला, ओकाऱ्या, धाप किंवा झटके आले, तर "भूल उतरली नसेल" म्हणून बसू नये. "बाहेरचे झाले" म्हणून अंगारा तर मुळीच लावू नये. ताबडतोब सिस्टरला हाक मारावी आणि सोडियम तपासायचे का, असे डॉक्टरांना विचारावे. वेळेवर विचारलेला एक प्रश्न घरातला माणूस वाचवू शकतो.