गुरूचा फोटो पृथ्वीवर कसा तयार होतो?

'ज्युनो' यानाने काढलेला गुरूचा फोटो नासाकडे येतो तेव्हा त्यात गुरू ओळखूच येत नाही. एक लांबलचक उभी फाइल आणि तिच्यात एकाखाली एक रचलेले राखाडी तुकडे, एवढेच हाती लागते.

जुलै २०१६पासून गुरूभोवती फिरणारे हे यान तोल राखण्यासाठी स्वतःभोवतीही मिनिटाला सुमारे दोन गिरक्या घेते. म्हणून यानावरच्या 'ज्युनोकॅम' या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच लाल, हिरव्या, निळ्या आणि मिथेनच्या फिल्टरच्या अरुंद पट्ट्या बसवल्या आहेत. यान वळते तसा ग्रह त्यांच्यासमोरून सरकतो. एकच ढग आधी एका रंगात टिपला जातो, मग दुसऱ्या. आणि गुरूजवळून जाताना यानाचा वेग सेकंदाला पन्नास किलोमीटरहून जास्त असतो. तुकडे नुसते एकमेकांवर ठेवले तर ढगांना लाल-निळ्या कडा फुटतात. त्यामुळे प्रत्येक तुकडा टिपताना यान नेमके कुठे होते ते काढायचे, भिंगाने आणलेला वाकडेपणा घालवायचा आणि मग तो गणिताने गुरूच्या गोलावर बसवायचा. गोलही सरळ नाही: ध्रुवांकडे चपटा, दोन व्यासांत नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचा फरक!

पाठवताना जागा वाचावी म्हणून उजेडाचे आकडे दाबलेले असतात. ते उलगडावे लागतात. ग्रहाच्या कडेचा काळोख उजळावा लागतो. कॉन्ट्रास्ट आणि रंग वाढवणे, ज्याला आपण एडिटिंग म्हणतो, ते यानंतर. डोळ्यांना गुरू फिकट पिवळट-तपकिरीच दिसला असता. प्रसिद्ध चित्रांतली गडद निळी भोवरे-वळणे म्हणजे मुळात असलेला पुसट फरक ताणून दाखवलेला. यात लबाडी नाही, मात्र चित्राखाली तसे छापायला हवे, आणि ती ओळ बहुधा गाळली जाते.

कच्च्या फाइल नासा सर्वांना खुल्या करते. त्यांवर हौसेने काम करून चित्रे घडवणाऱ्या गेराल्ड आइखश्टेट, शॉन डोरन, केविन गिल यांची नावे म्हणूनच या चित्रांच्या श्रेयात दिसतात.

कॅमेराच बिघडला तर मात्र संगणकावरची कारागिरी पुरत नाही. २०२३च्या अखेरीस किरणोत्सर्गामुळे जवळपास प्रत्येक फोटोवर रेघा आणि ठिपके उमटू लागले. तेव्हा अभियंत्यांनी कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण क्षमतेने चालू केला. उष्णतेने कॅमेरा बराच सावरला, आणि ३० डिसेंबरला १,५०० किलोमीटरवरून टिपलेल्या आयो उपग्रहाचे डोंगर लख्ख उमटले.