सैल हाताची विद्या

फ्रेंच भाषेत टॅटिंगला ‘फ्रिव्होलिते’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ उथळपणा, वेळ घालवण्याचा चाळा. जर्मन भाषेत त्याच लेसला ‘ओक्की’, इटालियनमध्ये डोळे, असे नाव आहे. बारीक वर्तुळांची ती रांग पाहिली की हे नाव पटते. फिनलंडमधल्या नावाचा अर्थ ‘धोट्याची लेस’ असा होतो. एका भाषेने आकार पाहिला, दुसरीने हत्यार पाहिले आणि तिसरीने ते हत्यार घेऊन बसलेली बाई पाहून परस्पर निकाल दिला.

आपल्याकडे या कलेला मराठी नावच मिळाले नाही. झबल्याच्या गळ्याला, परकराच्या घेराला, हातरुमालाच्या कडेला जे लागायचे ते ‘टॅटिंग’. दुपारची जेवणे आटोपली, भांडी पालथी पडली, की कितीतरी घरांत ते चाले. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, अशीच उभी हयात टॅटिंग केले. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर तिच्यापुढे शिकायला बसलो, तेव्हा घरात थोडी करमणूक झाली. पण अक्काने माझ्या हातात मुकाट्याने धोटा दिला.

साहित्य म्हणाल तर होडीच्या आकाराचा बोटभर धोटा आणि त्यावर गुंडाळलेला दोरा, एवढेच. दोऱ्याचा एक फेरा डाव्या हाताच्या बोटांभोवती घ्यायचा, उजव्या हातातला धोटा त्याच्या खालून नेऊन वरून परत आणायचा. ही अर्धी गाठ. मग वरून नेऊन खालून आणायचा; गाठ पुरी. अशा गाठी ओळीने बसवायच्या, मध्ये थोडा दोरा मोकळा सोडला की त्याचा इवलासा फास उभा राहतो, त्याला पिको म्हणतात. शेवटी धोट्याचा दोरा ओढला की साऱ्या गाठी सरकून वर्तुळ मिटते. झाले टॅटिंग.

इतके सोपे असते तर ते सगळ्यांनाच आले असते. खरी मेख पहिल्या अर्ध्या गाठीतच आहे. धोटा फिरवल्यावर जी गाठ पडते ती धोट्याच्या दोऱ्याची, बोटांवरच्या दोऱ्याभोवती. तशीच आवळली तर ती तिथेच रुतते, सरकत नाही आणि वर्तुळ कधी मिटत नाही. म्हणून त्या क्षणी डावा हात सैल सोडायचा आणि धोट्याचा दोरा ताणायचा. गाठ टुणकन उडी मारते. जो दोरा वेढा घालत होता तो सरळ होतो आणि जो सरळ होता तो वेढा घालतो. बँकेच्या भाषेत बोलायचे तर नावेचे जमा होते आणि जमेचे नावे. शिकणाऱ्याचा हात नेमका याच वेळी घट्ट होतो, कारण गाठ म्हणजे आवळणे हे आपल्या बोटांना लहानपणापासून ठाऊक असते. अक्का म्हणायची, “अरे, हात सोड. तू गाठ मारू नकोस, ती पडू दे.”

हे पुस्तकात सापडते का? पुस्तके आहेत. इंग्लंडमध्ये रिएगो दे ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८५० साली टॅटिंगचे पुस्तक काढले. तेरेझ द दिलमाँ यांच्या १८८६ सालच्या शिवण-विणकामाच्या जाडजूड कोशात टॅटिंगवर एक प्रकरणच आहे, बोटांच्या चित्रांसह. पण चित्रात बोटे कुठे ठेवायची ते दिसते, ती किती सैल सोडायची हे दिसत नाही. तेवढा भाग एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जातो. हे हात आता थकत चालले आहेत.

तार या गोष्टीत आली ती आमच्या इमारतीतल्या एका मुलीमुळे. ती दागिन्यांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम करत होती. तिने अक्काची लेस पाहिली आणि विचारले, “आजी, हेच तारेत होईल का हो?” मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची बारीक तार आणली, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आणि अक्काने साठ वर्षांच्या सरावाने पहिली अर्धी गाठ टाकली. गाठीने उडी मारली नाही. अर्ध्या वाटेवर येऊन तार मुडपली ती मुडपलीच.

दोरा झाले गेले विसरतो. तार विसरत नाही. प्रत्येक वाकणे ती अंगात साठवून ठेवते. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांच्या रचनेतले दोष सरकतात आणि एकमेकांत अडकत जातात. त्यामुळे तो कडक होतो आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवला तर तुटतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हातोडीने ठोकून ताठर झालेले तांबे ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करून घेतात. पण पाव मिलिमीटरच्या विणलेल्या तारेला भट्टी कुठली? वाइंडिंगच्या तारेवर तर रोगणाचा थर असतो, तो जळून जातो. तेव्हा जे करायचे ते पहिल्याच खेपेला. दोऱ्यातली चुकलेली गाठ सुईच्या टोकाने कष्टाने का होईना, उकलता येते. तारेतली उकलली तरी तिथली तार कामातून जाते.

धातूला दोऱ्यासारखे वागवण्याची हौस काही नवी नाही. पैठणीच्या पदरातली पारंपरिक जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चपटी तार. आत रेशीम आहे म्हणून ती वळते. कटकच्या तारकशीत चांदीच्या तारेची नक्षी करून ती डाक देऊन जोडतात. तारेच्या टॅटिंगमध्ये आत रेशीम नाही आणि डाकही नाही. जे काही धरून ठेवायचे ते गाठीने.

अक्काने यावर काढलेला तोडगा साधा होता. तारेला उडी मारायला लावायचीच नाही. एक तार सरळ ताणून धरायची आणि दुसरी बोटांनी तिच्याभोवती वळवायची, पहिल्यापासून योग्य बाजूने. म्हणजे उडी मारल्यावर गाठ जशी दिसली असती, तशीच ती थेट घालायची. इतर देशांतल्या तारेवर काम करणाऱ्या काही जणीही असेच करतात, हे मागाहून समजले. तसेच गाठी जरा ढिल्या ठेवायच्या, वर्तुळ लहान घ्यायचे आणि मिटताना आतली तार सरळ रेषेत, सावकाश ओढायची. टोक आत मुरडून लपवायचे, नाहीतर ते गळ्याला टोचते.

यातून शिकवण्याचा एक धडा मिळाला. दोऱ्यात नुसती हालचाल पाठ करून भागते. गाठ उडी मारते आणि कोणता दोरा कोणाला वेढतो आहे याचा विचार न करताही लेस होते. तारेत ती सोय नाही. वाहून नेणारी तार कुठली आणि वेढणारी कुठली, हे डोक्यात स्पष्ट असेल तरच बोटे पुढे जातात. दोरा गाठ शिकवतो. ती समजली आहे का, हे तार तपासते.

म्हणून आमच्या शनिवारच्या वर्गात तार पहिल्या दिवशी हातात मिळत नाही. दागिना करायच्या उत्साहाने आलेल्या मुली थोड्या हिरमुसतात. सुरुवात दोन रंगांच्या जाड दोऱ्यांनी होते, धोट्यावर लाल आणि बोटांवर पांढरा. गाठ पांढरी दिसली तर बरोबर, लाल दिसली तर हात घट्ट राहिला. गुरुजींनी काही बोलावे लागत नाही, रंगच सांगतो. मग दोन्हीकडे एकाच रंगाचा दोरा, मग बारीक दोरा. शेवटी तार, आणि तीही तोडताना डोळ्यांवर चष्मा लावून. कॉलेजातली दोन मुलेही येतात. त्यांना धातू का कडक होतो हे माहीत असते, पण हात सैल सोडायला तीही तितकाच वेळ घेतात.

आता पैशांचा विषय. बँकेत आयुष्य गेल्यामुळे तो टाळता येत नाही. कानातल्या एका जोडाचा हिशेब मांडून पाहा. एका फुलाला पाच वर्तुळे, एका वर्तुळात वीस गाठी, म्हणजे शंभर गाठी. प्रत्येक गाठीचे दोन अर्ध, म्हणजे दोनशे वेळा तार फिरवणे. आणि जोडाला चारशे. तारेची किंमत यात किरकोळ. घेणारा मात्र तार पाहतो आणि ‘तांबेच तर आहे’ म्हणतो.

मारिया मीस या अभ्यासक बाईंनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस करणाऱ्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिले. तिथली लेस क्रोशाची, ती परदेशात जायची. पण बायका घरातच बसून काम करतात म्हणून त्यांना कामगार न मानता गृहिणी मानले गेले आणि त्यांचे काम फावल्या वेळचे ठरले. एकदा काम फावल्या वेळचे ठरले, की मजुरीही फावल्या वेळची ठरते. मी कर्जाचे असंख्य अर्ज पाहिले. ‘व्यवसाय’ या रकान्यात बायका ‘घरकाम’ लिहीत, आणि त्यांच्या पदराला, पिशवीला, मुलाच्या टोपीला त्यांचा खरा व्यवसाय शिवलेला असे. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा विनातारण कर्जाला वाट मिळाली. पण हाताच्या कौशल्याचे मोल करायला आम्हां बँकवाल्यांकडे रकाना नव्हताच.

‘फ्रिव्होलिते’ हा शब्द मला म्हणूनच बोचतो. दोऱ्यात केली तर हौस आणि तारेत केली तर दागिना. गाठ तीच, बाई तीच. तारेने कला मोठी केली असे नव्हे. तारेमुळे ती कपड्याच्या कडेवरून गळ्यात आली आणि लोकांना विचारावेसे वाटले, हे कोणी केले?

वर्गाला फी ठेवायची असे मी म्हटले तेव्हा अक्का रागावली. “विद्येचे पैसे घ्यायचे का?” मी म्हटले, “अगं, मी बँकेत हिशेबाच्या विद्येचेच पैसे घेत होतो की.” ती काही बोलली नाही. पण तिची घरखर्चाची वही परवा सहज पाहायला मिळाली. इतक्या वर्षांत त्या वहीत दोरा नेहमी नावे पडत आला होता. या महिन्यात जमेच्या बाजूला, थरथरत्या पण नीट अक्षरात, तिने एक ओळ लिहिली आहे: ‘शिकवणी, चार शनिवार.’