बनाना पुडिंगचं रात्रीत शिकरण का होतं?

मंचरला मावशीकडे मी पहिल्यांदा थरांचं बनाना पुडिंग केलं. रात्री मस्त घट्ट. सकाळी फ्रिज उघडला, तर शिकरण! मावशी म्हणाली, "असू दे रे, चपातीबरोबर खाऊ."

चूक एकच. कस्टर्ड घट्ट होताच मी गॅस बंद केला होता. अंड्याच्या बलकात अमायलेझ नावाचं एन्झाइम असतं. ते शिल्लक राहिलं की कॉर्नफ्लोअरचा स्टार्च रात्रभर तोडत बसतं. म्हणून बुडबुडे फुटायला लागले तरी ढवळत ढवळत आणखी मिनिटभर उकळायचंच. कॉर्नफ्लोअर असल्यावर बलक सहजासहजी फाटत नाही, घाबरू नका.

अर्धा लिटर दूध, 3 बलक, 3 मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ. बलक, साखर, कॉर्नफ्लोअर फेटा, त्यात थोडं थोडं गरम दूध घाला, मग सगळं गॅसवर. उतरवल्यावर चमचाभर घरचं लोणी आणि व्हॅनिला.

अमेरिकेत व्हॅनिला वेफर्स लावतात, आपल्याला मारी बिस्किटं चालतात. बिस्किटं, ठिपके पडलेल्या केळ्यांच्या चकत्या, कोमट कस्टर्ड, पुन्हा तेच. केळी पूर्ण झाका, हवा लागली की काळी पडतात. मग 4 तास फ्रिजमध्ये.

अंडं चालत नाही? कस्टर्ड पावडर वापरा. अल्फ्रेड बर्डने ती 1837 मध्ये बनवली, तीच मुळी बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून!