हजिऱ्याचे खारे टोक आणि मोठ्या इमारतींचा पाणीहिशेब

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावलेली तापी सुमारे 724 किलोमीटरचा प्रवास करून, खानदेश ओलांडून, सुरतच्या पश्चिमेला हजिऱ्यापाशी समुद्राला मिळते. तेथे पात्र रुंद आहे, पाणीही भरपूर दिसते. पण ते पिता येत नाही. भरतीबरोबर समुद्र नदीत शिरतो. हे खारे पाणी वर चढू नये आणि शहरासाठी गोडे पाणी अडून राहावे, म्हणून सुरतेत सिंगणपोर येथे 1995 मध्ये बंधारा उभारला गेला. हजिरा त्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला येतो. खतनिर्मिती, नैसर्गिक वायू, पोलाद आणि बंदर अशा अवजड उद्योगांच्या या पट्ट्यात गोडे पाणी वरूनच आणावे लागते.

गोमंतकीय वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. मांडवीच्या काठावर वसलेल्या पणजीलाही पाणी ओपाहून येते. समोरची नदी केवळ पाहण्यासाठी असते. त्यामुळे नदीच्या शेवटच्या टोकाला मोठी इमारत उभी करताना पाण्याचा विचार कसा करावा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

‘जलसंधारण’ म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम छतावरील पाऊस येतो. 6 सप्टेंबर 2024 रोजी सुरतेतून ‘जल संचय जन भागीदारी’ हा उपक्रम सुरू झाला, त्यातही पाऊस साठवणाऱ्या व मुरवणाऱ्या हजारो रचनांवर भर होता. तो योग्यच आहे. तथापि मोठ्या इमारतीपुरता हिशेब मांडला की निराळेच उत्तर हाती येते.

पाच हजार माणसे काम करतात असे एक कार्यालयीन संकुल घेऊ. राष्ट्रीय इमारत संहिता कार्यालयासाठी माणशी दररोज 45 लीटर पाणी धरते. त्यांपैकी 20 लीटर निव्वळ फ्लशसाठी. म्हणजे रोजची गरज सव्वादोन लाख लीटर आणि वर्षाचे 300 कामाचे दिवस धरल्यास पावणेसात कोटी लीटर. आता छताचे पाहू. सुरतेत वर्षाला साधारण 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो असे धरून, दहा हजार चौरस मीटर छतावरून वीस टक्के घट वजा जाता सुमारे 96 लाख लीटर पाणी मिळते. एवढ्यात इमारतीचे 43 दिवस निघतात, तेही सारे पाणी साठवण्याएवढी टाकी असेल तर. उलट फ्लशला लागणारे पाणी वर्षाला तीन कोटी लीटर होते. इमारतीचेच सांडपाणी शुद्ध करून ते फ्लशला वापरले, तर छताच्या तिप्पट पाणी वाचते आणि त्यासाठी पावसाची वाट पाहावी लागत नाही.

गोव्यात पाऊस सुमारे 3,000 मिलिमीटर असल्याने तेवढ्याच छतावर 2 कोटी 40 लाख लीटर पडेल. आकडा मोठा आहे, परंतु हे पाणी जून ते सप्टेंबरमध्ये कोसळते आणि टंचाई एप्रिल-मे महिन्यांत येते. शिवाय मुरवण्याची जागाही पाहावी लागते. हजिऱ्यासारख्या किनारपट्टीवर भूजलाशी खारेपणा जोडलेला असतो. तेथे मुरवलेले पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटण्यास मदत करते, पण ते पुन्हा गोडे म्हणून उपसता येईलच असे नाही. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या हॉटेलांनाही हाच नियम लागू पडतो. जांभ्याच्या सड्यावर वेगळी अडचण: पाणी चटकन झिरपते आणि पायथ्याच्या झऱ्यांतून निघून जाते. अशा ठिकाणी खड्ड्यापेक्षा टाकी बरी.

सर्वांत दुर्लक्षित खर्च मात्र गच्चीवर असतो. केंद्रीय वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर इमारतीतील उष्णता पाण्याची वाफ करून बाहेर टाकतात. एक हजार टन क्षमतेची यंत्रणा पूर्ण भाराने दहा तास चालली, तर सुमारे 65 हजार लीटर पाणी वाफ होऊन जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत; ते मागे साचतात, म्हणून काही पाणी काढून टाकावे लागते. क्षार मूळ पाण्याच्या तिप्पट होताच पाणी सोडले, तर आणखी साडेबत्तीस हजार लीटर वाया जातात. सहापट होईपर्यंत तेच पाणी फिरवले, तर तेरा हजारच. रोजचा फरक साडेएकोणीस हजार लीटरचा, आणि त्यासाठी पाण्यावर योग्य प्रक्रिया व नियमित तपासणी एवढेच लागते. मूळ पाणीच मचूळ असेल, तर मात्र ही सवलत लवकर संपते. नळाला जाळी बसवून ‘पाणी वाचवा’चा फलक लावणाऱ्या संस्था हा आकडा क्वचितच मोजतात.

सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळते, हे सुरतेने सिद्ध केले आहे. बमरोली येथे 2014 मध्ये दररोज चार कोटी लीटर क्षमतेचा तृतीय स्तरीय शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला. शहराचे सांडपाणी गाळण आणि रिव्हर्स ऑस्मोसिस अशा टप्प्यांतून नेऊन पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील कापड प्रक्रिया कारखान्यांना विकले जाते. याच भागात रोजगारासाठी खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे; ज्या तापीच्या काठावरून ती आली, तिचेच पाणी येथे दुसऱ्यांदा कामाला येते.

शहराला जे जमते ते एखाद्या इमारतीला का अवघड जाते? कारण बहुतेकदा भिंतीत दडलेले असते. फ्लशसाठी स्वतंत्र नळजोडणी आराखड्यातच असावी लागते. नंतर ती घालायची म्हणजे मजल्यामागून मजला फोडणे आले. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या 2006च्या अधिसूचनेने 20 हजार चौरस मीटर वा अधिक बांधकामांना पूर्वपरवानगीच्या कक्षेत आणले, आणि अशा परवानग्यांमध्ये दुहेरी नळव्यवस्था व सांडपाणी प्रक्रियेच्या अटी नेहमीच्याच झाल्या. मात्र अट कागदावर पुरी होणे आणि यंत्र चालणे यांत अंतर राहते. प्रक्रिया यंत्रातील जीवाणूंना रोज अन्न लागते. निम्मी इमारत रिकामी असली की ते उपाशी मरतात, दुर्गंधी सुटते, तक्रारी येतात आणि व्यवस्थापक सरळ टँकर मागवतो. म्हणून पूर्ण क्षमतेचे एकच यंत्र बसवण्यापेक्षा दोन लहान भाग करून, वस्ती वाढेल तसा दुसरा भाग सुरू करणे अधिक शहाणपणाचे.

तापीच्या मुखाच्या दक्षिणेला खजोद येथे 17 डिसेंबर 2023 रोजी उद्घाटन झालेल्या सुरत डायमंड बोर्सचे पंधरा मजली नऊ मनोरे उभे आहेत. एवढ्या आकाराच्या संकुलात गाळे टप्प्याटप्प्यानेच भरत जातात, आणि रिकाम्या मजल्यांचा हा प्रश्न तेव्हाच उभा राहतो. गोव्यातील हॉटेलांत तो दरवर्षी परत येतो: डिसेंबरात खोल्या भरलेल्या, जुलैत ओस. तेथे सांडपाणी यंत्राचा आराखडा सरासरीवर बेतला, तर तो दोन्ही महिन्यांत चुकतो.