मनोविकारावरील औषध परस्पर बंद करणारा रुग्ण : वैद्य व औषधविक्रेता यांचे कर्तव्य

शिवाजी पार्क, दादर, परळ या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे निद्रानाश, मलावष्टंभ, अंगजडत्व, वजनवाढ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी काही रुग्ण मनोविकारतज्ज्ञांची औषधेही घेत असतात. परळचे के.ई.एम. आणि शीवचे लोकमान्य टिळक ही महापालिकेची मोठी रुग्णालये जवळच असल्याने तेथील केसपेपर आपल्याला अपरिचित नाहीत. ‘ती औषधे मी महिन्यापूर्वीच बंद केली, डॉक्टरांना सांगितले नाही’ ही कबुली रुग्ण तिकडे देत नाही, ती आपल्यापाशी देतो. अशा वेळी वैद्याने व औषधविक्रेत्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रुग्ण औषध का सोडतो?

कारणे बहुधा सरळ असतात. दिवसभर झापड, हाताला कंप, वाढते वजन, मासिक पाळीतील अनियमितता, लैंगिक तक्रारी यांनी तो त्रासलेला असतो. कोणाचे लग्न ठरत असते आणि घरात गोळ्यांचे पाकीट दिसू द्यायचे नसते. कोणाला खर्च परवडत नाही. ‘या गोळ्यांची सवय लागते’ असे नातेवाइकांनी मनावर बिंबवलेले असते. पुष्कळांना तर बरे वाटू लागले, म्हणूनच औषध नकोसे होते. तज्ज्ञ रागावतील या भीतीने ही कारणे तेथे बोलली जात नाहीत.

फसवा काळ

औषध थांबवल्यानंतर पहिले काही आठवडे अनेक रुग्णांना खरोखरच हलके वाटते. झापड जाते, शौचास साफ होते, उत्साह येतो. दुष्परिणाम ओसरलेले असतात आणि मूळ व्याधीने अद्याप उचल खाल्लेली नसते. त्याच सुमारास आपले ब्राह्मी घृत किंवा अश्वगंधा सुरू असेल, तर श्रेय त्यास दिले जाते आणि वैद्यासही ते खरे वाटण्याचा संभव असतो. पुढे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी निद्रा कमी होते, संशय वा अतिउत्साह वाढतो, आणि मधल्या अंतरामुळे या उद्रेकाचा औषध सोडण्याशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून ‘गोळ्या सोडल्यापासून बरे आहे’ हे विधान चिकित्सेच्या यशाचा पुरावा मानू नये.

औषधानुसार धोका वेगळा

१. अल्प्राझोलाम, डायझेपाम इत्यादी दीर्घकाळ घेतल्यावर अकस्मात थांबवल्यास तीव्र अस्वस्थता, निद्रानाश, प्रसंगी आक्षेपक येतात.

२. पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन ही शरीरातून लवकर बाहेर पडणारी नैराश्यविरोधी औषधे थांबवल्यास काही दिवसांतच भ्रम (चक्कर), मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखी संवेदना उद्भवते. फ्लुऑक्सेटीन सावकाश बाहेर पडत असल्याने हा त्रास तुलनेने कमी किंवा उशिरा जाणवतो.

३. लिथियम अकस्मात सोडल्यास उन्मादावस्था उलटण्याचा व आत्मघाताचा धोका वाढतो.

४. क्लोझापीनमध्ये दोन दिवसांहून अधिक खंड पडल्यास ते पूर्वीच्या मात्रेत पुन्हा घेता येत नाही. अल्प मात्रेपासून देखरेखीखाली सुरुवात करावी लागते. लॅमोट्रिजिनमध्ये अनेक दिवसांचा खंड पडल्यासही मात्रा हळूहळू वाढवावी लागते. यास्तव ‘आजपासून जुन्या गोळ्या पुन्हा घ्या’ असा सल्लाही आपण परस्पर देऊ नये.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात अहितकर सवयदेखील एकाएकी न सोडता पादांशिक क्रमाने सोडावी असे प्रतिपादन आहे. शरीरास सात्म्य झालेली गोष्ट अकस्मात काढून घेतल्यास विकार होतो, हे तत्त्व आपणांस नवीन नाही. मात्र प्रत्येक पाद केवढा व किती दिवसांचा, हे ते औषध देणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते.

आपले औषधही लपवले जाते

रुग्ण जसे तिकडचे औषध सोडल्याचे लपवतो, तसे आपले औषध घेत असल्याचेही तिकडे सांगत नाही. के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन अपस्मार रुग्णांनी शंखपुष्पीयुक्त सिरप सुरू केल्यावर आक्षेपकांवरील नियंत्रण सुटले. पुढे उंदरांवरील प्रयोगात हे सिरप सतत दिल्यास फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटत असल्याचे आढळले. येथे रुग्णाने गोळी सोडलेली नव्हती, तरी परिणाम गोळी सोडल्यासारखाच झाला.

लिथियमच्या बाबतीत उलट धोका असतो. विरेचन, वमन, अतिस्वेदन, लंघन यांनी शरीरातील जलांश व क्षार घटले, अथवा पथ्य म्हणून मीठ वर्ज्य केले, तर लिथियमची रक्तातील पातळी विषारी मर्यादेकडे जाऊ शकते. लिथियम घेणाऱ्याचे शोधन त्याच्या तज्ज्ञांशी बोलल्याविना करू नये.

प्रत्यक्षात काय करावे?

प्रत्येक नव्या रुग्णास ‘दुसरी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढ्यावर न थांबता ‘अलीकडे कोणते औषध बंद केले, केव्हा व का?’ असेही विचारावे. उत्तर ऐकून रागावू नये. रागावल्यास तो पुढील वेळी आपल्यापासूनही लपवील. सोडण्याचे कारण त्याच्याच शब्दांत नोंदवावे आणि त्याच्या संमतीने मनोविकारतज्ज्ञांस चार ओळींचे पत्र द्यावे : कोणते औषध केव्हापासून बंद आहे, कोणत्या त्रासामुळे, सध्याची लक्षणे कोणती व आपण काय देत आहोत. झापड वा वजनवाढ हेच कारण असेल, तर मात्रा किंवा औषध बदलणे तज्ज्ञांस पुष्कळदा शक्य असते; परंतु त्यांस ते कळले पाहिजे. आत्मघाताचे विचार, रात्रीमागून रात्री निद्रेचा अभाव, आक्षेपक किंवा अन्नपाण्याचा त्याग दिसल्यास पत्राची वाट न पाहता नातेवाइकांसह रुग्णालयात पाठवावे. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावावा.

औषधविक्रेत्यांस हे अधिक लवकर कळू शकते. दरमहा येणारा ग्राहक दोन महिने आला नाही, अथवा तीन औषधांपैकी केवळ झोपेचीच गोळी मागू लागला, तर एकांतात आपुलकीने विचारावे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये अल्प्राझोलाम व डायझेपाम यांचा समावेश असून त्यांच्या विक्रीची नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. ही नोंदवही चाळली तरी असे खंड दिसतात.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आहे. त्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधरांचा समावेश आहे, केवळ बी.ए.एम.एस. पदवीधरांचा नाही. त्याच कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे, म्हणून तज्ज्ञांशी पत्रव्यवहार संमतीनेच व्हावा. संमती न मिळाल्यास ती पुढील भेटीत पुन्हा मागावी, आणि तोवर त्या औषधाची जागा घेईल अशा हेतूने कोणताही कल्प सुरू करू नये. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ऐकून आपण गप्प राहिलो, तर औषध बंद करण्यास वैद्यांची संमती आहे, असाच अर्थ तो घेईल.